झटका मशीन, टेझर आणि नानांची तंबाखू

मक्याला दाणा भरायला लागला की आमच्याकडे रानडुकरं आणि रोह्यांचा (नीलगायींचा) असा काही त्रास सुरू होतो की एका रात्रीत अर्धा एकर झोपवून जातात, म्हणून दोन वर्षांपूर्वी शेताला झटका मशीन बसवलं, म्हणजे कुंपणाच्या तारेत करंटचे ठोके सोडणारं, सोलरवालं, आणि बसवल्याच्या तिसऱ्याच दिवशी मी स्वतः तारेला चिकटलो. म्हणजे चिकटलो म्हणणं चूक आहे, माणूस चिकटत नाही, फेकला जातो. कोपरावर कोणीतरी घण घातल्यासारखं वाटलं आणि तोंडातून जे निघालं ते इथे टाइप करत नाही.

हे आत्ता आठवायचं कारण माझा भाचा. अमळनेरला राहून पोलीस भरतीची तयारी करतोय, पहाटे पाचला ग्राउंड, मग दिवसभर मोबाईल. त्याने फॅमिली ग्रुपवर टेझरचा व्हिडिओ टाकला, कुठल्यातरी बाहेरच्या देशातला पोलीस, समोर एक आडदांड माणूस, टक्क आवाज आणि तो माणूस ओंडक्यासारखा खाली. खाली याची कमेंट, "मामा, आपल्याकडे हेच पाहिजे, ना लाठी ना गोळी." सगळ्यांनी अंगठे दिले. मी पण देणार होतो, पण मग वाचत बसलो आणि दोन रात्री गेल्या त्यात.

तर आधी हे चालतं कसं. टेझर म्हणजे पिस्तुलासारखं दिसणारं यंत्र, त्यातून नायट्रोजनच्या दाबाने दोन बारीक काटे सुटतात, मागे बारीक तारा असतात, काटे अंगात किंवा कपड्यात रुततात आणि पाच सेकंद करंट जातो. सगळे 50,000 व्होल्ट 50,000 व्होल्ट करतात, पण तो आकडा हवेत ठिणगी पडताना असतो, जुन्या एक्स 26 मॉडेलचं सांगायचं तर अंगात जाताना ते साधारण 1,200 व्होल्टच असतात आणि करंट सरासरी काही मिलिअँपिअर. माझं कुंपणाचं मशीन सेकंदाला एक ठोका देतं, हे सेकंदाला 19 च्या आसपास देतं. फरक तिथेच आहे. एका ठोक्यात हात झटकला जातो, पण 19 ठोक्यांत स्नायू आखडून धरले जातात, मेंदू सांगतो पळ आणि पाय ऐकत नाहीत. म्हणून दारू पिऊन बधिर झालेला, लाठीचं दुखणं न कळणारा माणूससुद्धा पडतो, आणि इथे मान्य करावं लागेल की हा फायदा खरा आहे. ब्रिटनचे सरकारी आकडे बघितले तर दहातल्या जवळपास नऊ वेळा तिथे पोलिसांना ते झाडावंच लागत नाही, नुसतं काढलं किंवा छातीवर नेमाचा लाल टिपका दिसला की समोरचा शांत होतो. भाच्याचा मुद्दा इथपर्यंत पास.

पण दोन्ही काटे लागले पाहिजेत ना भो. एक चुकला की सर्किटच पूर्ण होत नाही, झालं, नुसता टकटक आवाज. आणि दोन्ही लागले तरी त्यांच्यात अंतर पाहिजे. एक्स 26 मध्ये सात फुटांवरून मारलं तर काट्यांमध्ये एक फूट अंतर पडतं, त्याहून जवळून मारलं तर काटे शेजारी शेजारी बसतात, दुखतं खूप पण माणूस पडत नाही, उलट चवताळतो. आता मला सांगा, आपल्या गल्लीतली भांडणं किती फुटांवरून होतात? हातभर अंतरावरून. त्यात हिवाळ्यात अंगावर कांबळं नाहीतर ढगळ जॅकेट असलं की काटा कपड्यातच लटकतो. अमेरिकेत एपीएम रिपोर्ट्सच्या पत्रकारांनी 2015 ते 2017 या तीन वर्षांच्या केसेस काढल्या, त्यात अडीचशेच्या वर प्रसंग असे निघाले की आधी टेझर चालवला, तो चालला नाही, आणि मग पोलिसांनी गोळी घातली आणि माणूस मेला. म्हणजे जे गोळी वाचवायला आणलं तेच फसल्यावर प्रकरण गोळीवर गेलं. व्हिडिओवाले हे दाखवत नाहीत कारण त्यात ओंडका पडत नाही.

आणि एक प्रकार तर वाचून मी मोबाईल बाजूला ठेवला. एप्रिल 2021, अमेरिकेतलं मिनेसोटा, डॉन्टे राइट नावाचा 20 वर्षांचा पोरगा, गाडी थांबवलेली, पोलीसबाई "टेझर, टेझर" ओरडतेय आणि हातात खरं पिस्तूल. 26 वर्षं नोकरी झालेली बाई होती ती.

मरणाचं म्हणाल तर रॉयटर्सने 2017 मध्ये अमेरिकेतले 1,005 मृत्यू मोजले होते ज्यात आधी टेझर वापरला गेला. सगळे टेझरनेच मेले असं नाही, कोणी नशेत, कोणाचं हृदय आधीच कमजोर, कोणाला वर बसून दाबून धरलेलं, पण 153 केसेसमध्ये शवविच्छेदनाच्या कागदावर टेझर हे कारण किंवा कारणांपैकी एक म्हणून लिहिलेलं होतं. टेझर बनवणाऱ्या कंपनीने स्वतः 2009 मध्ये पोलिसांना सांगितलं की शक्यतो छातीवर नेम धरू नका. ऑस्ट्रेलियात 2023 ला वृद्धाश्रमात क्लेअर नॉलंड नावाच्या 95 वर्षांच्या आजीवर झाडला, डिमेन्शिया असलेली, वॉकर धरून चालणारी, हातात जेवताना वापरायची सुरी. करंटने नाही गेली ती, पडून डोक्याला मार लागून गेली. पोलिसावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा सिद्ध झाला.

पडून. हा शब्द वाचला आणि मला नाना आठवले.

नाना म्हणजे माझे चुलते, हवालदार म्हणून रिटायर झाले. त्यांच्या दूरक्षेत्राच्या, म्हणजे पोलीस चौकीच्या, हद्दीत एक गडी कर्जाच्या आणि दारूच्या भरात हातात विळा घेऊन विहिरीच्या कठड्यावर चढला होता, जवळ आला त्याला कापतो म्हणे. पंचेचाळीस डिग्रीचं ऊन, वैशाख, सगळं गाव गोळा. नानांसोबत एक होमगार्ड. नानांनी काय केलं, टोपी काढून ठेवली, लिंबाखाली बसले आणि तंबाखू मळायला घेतली. म्हणे चुना संपला भाऊ, तुझ्याकडे आहे का. दोन तास. पोरांची नावं विचारली, बैल कितीला घेतला विचारलं, बोंडअळीवर बोलले. शेवटी तो गडी स्वतः उतरला, चुन्याची डबी द्यायला.

परवा मी नानांना व्हिडिओ दाखवला आणि विचारलं, तेव्हा हे यंत्र असतं तर? त्यांनी चष्मा वर केला, "तो पडता कोठे? हिरमाच ना, भो!" म्हणजे विहिरीतच. बस. कंपनीच्या ट्रेनिंगच्या कागदात पण हेच लिहिलंय, उंचावर, पाण्याजवळ, पेट्रोल वगैरे असेल तिथे वापरू नका. पण माझी शंका वेगळी आहे. कमरेला ते यंत्र असतं तर नाना दोन तास बसले असते का? की वरून साहेबांचा फोन आला असता, "अरे यंत्र दिलंय ना, मिटव पटकन"? मला वाटतं फोन आला असता.

आणि लॉकअपचं कोण बोलणार. टेझर काटे न सोडता नुसता अंगाला टेकवूनही चालतो, त्यात स्नायू आखडत नाहीत, फक्त वेदना होते, म्हणजे धोक्याच्या माणसाला पाडायला त्याचा उपयोग कमी आणि बांधलेल्या माणसाला छळायला जास्त. लाठीचा वळ तरी कोर्टात दाखवता येतो, याचे दोन बारीक ठिपके, मच्छर चावला म्हणून सांगतील. डी. के. बसू खटल्यात सुप्रीम कोर्टाने अटकेचे नियम 1996 मध्ये घालून दिले, 2020 मध्ये प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावा म्हणून सांगितलं. आमच्या ओळखीच्या एकाला फुटेज पाहिजे होतं तर नेमका त्याच दिवशीचा कॅमेरा बंद. एक गोष्ट मात्र यंत्राच्या बाजूने, ट्रिगर किती वाजता दाबला आणि किती सेकंद, हे त्याच्या आतच रेकॉर्ड होतं, लाठीत ते नाही. पण तो डेटा बाहेर काढून वाचणारा पोलिसांच्या बाहेरचा कोणी असेल तर ना.

हे सगळं भाच्याला फोनवर सांगितलं, त्याने ऐकून घेतलं, मग म्हणाला, "मामा, विहिरीचं ठीक आहे, पण मी एकटा रात्रपाळीला, समोरचा दहा फुटांवर कोयता घेऊन धावत येतोय, तेव्हा मी पण तंबाखू मळू का?" नाही बाबा. तेव्हा तू झाड, आणि शेजारी खऱ्या बंदुकीवाला जोडीदार असू दे, कारण काटा कपड्यात अडकू शकतो. जोडीदार कुठून आणणार, तो म्हणाला, कितीतरी जागा तर रिकाम्या आहेत, त्यासाठीच तर मी पळतोय रोज.