कॅप्टनच्या शोधात: बरा ते मूंटा

अॅडलेडला सासरच्या दिवाणखान्यात पितळेचं एक छोटं गलबत आहे. नवऱ्याचे खापरपणजोबा इंग्लंडहून आलेले 'कॅप्टन', म्हणून ते ठेवलेलं. सासूबाई (इथे त्यांना मी नावानेच हाक मारते, पण लिहिताना हात धजत नाही) पंचाहत्तरीला आल्या तेव्हा म्हटलं, या कॅप्टनचा माग काढू.

सहा महिने मी जहाजांच्या याद्या चाळल्या. त्याच नावाचा एक खलाशी सापडला, त्याच्यामागे धावले, आणि तो अविवाहितच वारल्याचं कळल्यावर कपाळाला हात लावला. मूळची चूक म्हणजे मी नावाच्या मागे होते. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉलकडच्या लोकांत विल्यम आणि जॉन पैशाला पासरी. आडनाव 'ट्रे', 'पोल' किंवा 'पेन'ने सुरू होत असेल तर माणूस तिकडचा, एवढंच त्यावरून कळतं. त्यापेक्षा माणसाचा धंदा धरा. कॉर्नवॉलहून आलेले बरेच जण खाणकामगार, तांबं सापडेल तिकडे ते जायचे.

तेव्हा आम्ही तांब्याच्या वाटेने निघालो. पहिला मुक्काम बरा, अॅडलेडच्या उत्तरेला साधारण १६० किलोमीटर. (गावाचं नावच असं असल्यावर दोन दिवस काय विनोद झाले ते विचारू नका.) इथे १८४५ मध्ये तांबं सापडलं आणि १८७७ मध्ये खाण बंद पडली. पर्यटन केंद्रात अनामत ठेवून एक किल्ली मिळते, तिने जुन्या जागांची कुलुपं आपणच उघडायची. ती घ्याच. ओढ्याकाठच्या दरडीत कोरलेली बिळं मात्र चुकवू नका. १८५१ च्या सुमारास जवळजवळ १८०० माणसं अशा बिळांत राहत होती. कंपनीने दगडी घरं बांधली होती, पण त्यांना भाडं पडायचं, बिळाला नाही. त्याच वर्षी ओढ्याला पूर आला आणि बिळांत पाणी शिरलं. आत वाकून उभी राहिले तर डोकं छताला लागलं. सासूबाई बाहेरच थांबल्या.

१८५१ नंतर आमचा माणूस कागदांवरून गायबच होतो. तुमचाही झाला तर घाबरू नका, शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यात शोधा. त्या वर्षी तिथे सोनं निघालं आणि बराचे पुरुष तिकडे पळाले. आमचं नशीब असं की एक मुलगी तिथल्या बेंडिगोला १८५४ मध्ये जन्मली. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या (म्हणजे अॅडलेड, बरा आणि मूंटाच्या राज्याच्या) जुन्या दाखल्यांत माहिती फार त्रोटक असते. व्हिक्टोरियाने मात्र १८५३ पासून आईवडिलांचं वय, जन्मगाव, लग्न कुठे आणि कधी, सगळं लिहून घेतलं. त्या मुलीच्या दाखल्यावर बापाचं जन्मगाव होतं: ग्वेनॅप, कॉर्नवॉल. म्हणून फक्त थेट पूर्वजाचे दाखले मागवू नका, त्याच्या सगळ्या मुलांचे पाहा. दाखला ऑनलाइन विकत मिळतो.

गाव हाती आल्यावर इंग्लंडची कागदपत्रं घरबसल्या बघता आली. १८४१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्यांची वयं बहुधा पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत, त्यामुळे दोनचार वर्षांच्या फरकाने माणूस नाकारू नका. बाप्तिस्मा चर्चमध्ये सापडला नाही तर मेथडिस्टांच्या (हा वेगळा ख्रिस्ती पंथ) नोंदवह्या बघा, हे खाणवाले बहुतेक मेथडिस्ट.

तांब्याच्या वाटेवरचं दुसरं गाव मूंटा, तिथे वेगळ्या दिवशी जा. एका दिवसात दोन्ही गावं उरकायची म्हणजे नुसतं गाडी हाकणं. इथे १८६१ मध्ये तांबं लागलं, आणि बेंडिगोहून आमची मंडळी इकडे परतली. जुन्या शाळेतल्या संग्रहालयाच्या वेळा मर्यादित असतात, आधी बघून निघा. उन्हाळ्यात जाऊ नका, खाणीच्या माळावर सावली औषधालाही नाही.

संग्रहालयातल्या एका स्वयंसेवक आजोबांना मी कॅप्टनचं जहाज विचारलं. ते इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. कॉर्निश खाणीत 'कॅप्टन' म्हणजे मुकादम! मूंटाच्या खाणीचे प्रमुख हेन्री रिचर्ड हॅन्कॉक हेही 'कॅप्टन हॅन्कॉक'च होते. मग मी 'ट्रोव्ह'वर (जुनी ऑस्ट्रेलियन वर्तमानपत्रं तिथे फुकट वाचता येतात) नावापुढे 'मूंटा' आणि 'कॅप्टन' घालून शोधलं, तर पाच मिनिटांत मृत्यूची बातमी समोर. सहा महिने जहाजं चाळणारी मी!

स्मशानात त्यांचा दगड सापडला, अक्षरं झिजलेली. अशा दगडाचा फोटो सकाळी किंवा संध्याकाळी तिरक्या उन्हात काढा, कोरलेलं दिसतं. घासायला मात्र जाऊ नका.

परतीच्या वाटेत पेस्टी (कॉर्नवॉलकडची सारण भरलेली भाजकी करंजी) खाताना मी विचारलं, आता त्या गलबताचं काय करायचं? सासूबाई म्हणाल्या, "राहू दे. चाळीस वर्षं पुसतेय मी ते."