तुम्ही विचारलंत म्हणून: नमाज ज्यूंकडून आली का?

रमजान आला की कोणीतरी विचारतंच, नमाज तुम्ही ज्यूंकडून घेतलीत ना, आणि सूर असा की जणू चोरी पकडली. अहो, बरंचसं आधीपासून होतंच आणि आम्ही ते लपवत पण नाही, कुराणात इब्राहीम (अब्राहम), मूसा (मोझेस), ईसा (येशू) सगळेच नमाजवाले आहेत.

ज्यू दिवसातून तीन वेळा प्रार्थना करतात, सीरियाकडचे जुने ख्रिस्ती सात वेळा, आणि जमिनीला कपाळ टेकणं त्यांच्यातही आहे. पाणी नसलं तर आम्ही मातीवर हात मारून तोंड-हात पुसतो, तयम्मुम म्हणतात त्याला, आणि ज्यूंच्या तल्मूद या धर्मग्रंथामध्येपण पाणी नसेल तर माती नाहीतर खड्यांनी हात साफ करायची सूट आहेच की. पारशांच्या दिवसाचे पाच गाह म्हणजे प्रहर असतात म्हणून पाच वेळा तिथून आल्या असंही काहीजण म्हणतात, मला ते तितकंसं पटत नाही, नुसता आकडा जुळून काय होतं. आमच्याकडची गोष्ट अशी की मेराजच्या रात्री, म्हणजे पैगंबर मुहम्मद आकाशात गेले त्या रात्री, त्यांना दिवसाच्या पन्नास नमाजा मिळालेल्या, पण मूसा म्हणाले माझ्या लोकांचा मला अनुभव आहे, झेपणार नाही, जा कमी करून आणा, असं करत करत पाचवर आलं. म्हणजे सल्ला देणारे कोण, तर ज्यूंचेच पैगंबर!

खरी गंमत किब्ल्याची, म्हणजे नमाजात तोंड करायच्या दिशेची आहे. सुरुवातीला मदिनेत मुसलमान जेरुसलेमकडे तोंड करूनच नमाज पढायचे, तब्बल सोळा-सतरा महिने, मग 624 च्या सुमारास हुकूम आला की मक्केतल्या काबाकडे. आता आपल्या कोकणात बेने इस्रायली, म्हणजे इथले ज्यू, पण पश्चिमेला तोंड करणार आणि आम्ही पण, त्यामुळे फरक फारसा जाणवलाच नसता, पण मदिनेहून जेरुसलेम उत्तरेला आणि मक्का दक्षिणेला, म्हणजे पूर्ण पाठ फिरवायची. मदिनेजवळच्या कुबाच्या मशिदीत फजरची, म्हणजे पहाटेची नमाज चालू असताना कोणीतरी येऊन हे सांगितलं आणि लोक होते तिथेच, नमाज न तोडता उलटे फिरले, अशी हदीस, म्हणजे पैगंबरांच्या काळची नोंदलेली आठवण आहे.

अजानचंही तेच. लोकांना बोलवायचं कसं यावर चर्चा झाली, ज्यूंसारखं शिंग फुंकायचं की ख्रिश्चनांसारखी लाकडी फळी वाजवायची, दोन्ही नको म्हणून माणसाच्याच आवाजात हाक द्यायचं ठरलं आणि ते काम पैगंबरांचे साथीदार बिलाल यांच्याकडे आलं. तेव्हा घेतलं काय हे विचारताना मुद्दाम सोडलं काय हेपण विचारत जा.