चारित्र्य प्रमाणपत्र आणि सतराव्या वर्षीचा गुन्हा

ठाण्यातील एका कंपनीत निवड झाल्यावर मी चारित्र्य पडताळणीसाठी अर्ज केला, आणि स्थानिक पोलीस ठाण्याच्या अहवालात ‘गुन्हा दाखल’ असा शेरा आला. गुन्हा खोटा नव्हता. मी सतरा वर्षांची असताना कॉलेजबाहेर झालेल्या हाणामारीचा तो होता आणि बाल न्याय मंडळाने मला समज देऊन तो केव्हाच निकाली काढला होता.

प्रौढांवरील गुन्ह्याची नोंद केवळ अर्ज करून पुसून घेण्याची सर्वसाधारण सोय आपल्या कायद्यात नाही; तडजोड झाली तरी गुन्हा रद्द करून घ्यायला बहुधा उच्च न्यायालयच गाठावे लागते. बालकांसाठी मात्र बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम २४ आहे. त्यानुसार दोषी ठरलेल्या बालकाला त्यामुळे कोणतीही अपात्रता येत नाही आणि अपिलाची मुदत किंवा नियमांत ठरवलेला काळ उलटल्यावर त्या नोंदी नष्ट करायच्या असतात. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला निर्घृण गुन्ह्यात बाल न्यायालयाने प्रौढाप्रमाणे दोषी ठरवले असेल, तर ही सवलत मिळत नाही. माझ्या उपयोगी पडले ते कलम ७४ चे दुसरे पोटकलम: प्रकरण निकाली निघाले असेल, तर पोलिसांनी चारित्र्य प्रमाणपत्रासाठीसुद्धा ती नोंद उघड करायची नसते.

महिलांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो, म्हणून मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गेले. मंडळाच्या आदेशाची प्रमाणित प्रत मागायला प्रकरण क्रमांक हवा होता. तो आईने जपून ठेवलेल्या जुन्या नोटिशीवर सापडला. माझ्या अर्जाच्या मसुद्यातील ‘माझा अपराध पोटात घालावा’ हे वाक्य वकीलबाईंनी लाल शाईने खोडले आणि म्हणाल्या, “माफीनामा कशाला लिहितेस? कलम लिही.”

आदेशाची प्रत जोडून तो अर्ज पोलीस ठाण्यात दिला, ठाणे अंमलदारांकडून शिक्क्यासह पोच घेतली आणि एक प्रत वरिष्ठ कार्यालयाच्या आवक विभागात दिली. पोच नसेल तर पुढे पाठपुरावा कशाच्या जोरावर करणार? तिथे कोणी वाईट वागले नाही. संगणकावर नाव टाकताच गुन्हा दिसतो आणि त्या वेळचे वय कोणी पाहत नाही, एवढेच. फेरअहवालात शेरा नव्हता, प्रमाणपत्रही मिळाले. नोंद नष्ट करण्याचा वेगळा अर्ज मात्र मंडळापुढे अजून प्रलंबित आहे.