मध्यबिंदूवर क्षेत्र शून्य नसते : माझा अनुभव

मराठी माध्यमातून दहावी होऊन मी अकरावीला विज्ञान शाखेत गेलो, तेव्हा कूलोमचा नियम आणि एकट्या प्रभाराभोवतीचे विद्युत क्षेत्र मला आठवडाभरात समजले. अडलो तो एक धन आणि एक ऋण अशा समान मूल्याच्या प्रभारांच्या जोडीपाशी, म्हणजे विद्युत द्विध्रुवापाशी, आणि तिथे जवळजवळ दोन महिने अडून राहिलो.

शिकवणीत फळ्यावर ही जोडी काढून, ‘मूल्य समान, चिन्हे विरुद्ध, म्हणून मध्यबिंदूवर बेरीज शून्य’ असे सांगितले गेले आणि लगेच सूत्र सुरू झाले. हे विधान विभवाबद्दल (एकक प्रभारामागच्या स्थितिज ऊर्जेबद्दल) खरे आहे, क्षेत्राबद्दल नाही, आणि एवढा फरक सांगायला अर्धे मिनिटही लागले नसते, याचा राग मला आजही येतो. पुस्तकातल्या आकृतीत क्षेत्ररेषा धनाकडून ऋणाकडे सलग जाताना दिसत होत्या. वाटेत क्षेत्रच नसेल, तर मधली रेषा त्या बिंदूतून पुढे जाते कशी, हे मी दोनदा विचारले आणि दोन्ही वेळा ‘पाठ कर’ हेच उत्तर मिळाले.

शेवटी एका रविवारी आलेख कागदावर डावीकडे +२ आणि उजवीकडे −२ नॅनोकूलोम, मध्ये ६ सेंमी अंतर, अशी मांडणी केली. पेन्सिलचे टोक मध्यबिंदूवर टेकवून तिथे एक छोटा धन प्रभार आहे असे मानले. डावा प्रभार त्याला उजवीकडे ढकलतो आणि उजवा त्याला उजवीकडेच ओढतो. दोन्ही बाण एकाच दिशेचे! प्रत्येकाचे २०,००० न्यूटन प्रति कूलोम, मिळून ४०,०००. त्या क्षणी झालेला आनंद मला अजून आठवतो.

मग लंबदुभाजकावर ४ सेंमी वर गेलो. तिथून प्रत्येक प्रभार ५ सेंमीवर, म्हणजे ७,२०० चे दोन तिरके बाण : एक वर-उजवीकडे, दुसरा खाली-उजवीकडे. उभे घटक एकमेकांना खरोखरच नाहीसे करतात, पण आडवे ४,३२० अधिक ४,३२० असे ८,६४० उरतात. क्षेत्रापुरते बोलायचे तर शिकवणीतल्या ‘शून्या’त जे काही खरे होते, ते या उभ्या घटकांपुरतेच होते.

आधीच सांगायला हवे होते ते असे, की सूत्रात प्रभाराचे चिन्ह घालू नये. सूत्रातून फक्त परिमाण काढावे आणि दिशा बाणाने ठरवावी. माझ्या निम्म्या चुका एवढ्यानेच थांबल्या.

दूरच्या बिंदूंचे फारसे जड गेले नाही. लंबदुभाजकावर ६० सेंमीवर क्षेत्राची तीव्रता सुमारे ५ न्यूटन प्रति कूलोम येते आणि १२० सेंमीवर तिचा साधारण आठवा भाग उरतो, कारण अंतर वाढते तसे प्रत्येक बाण वर्गाच्या व्यस्त प्रमाणात लहान होतो आणि शिवाय त्याचा आडवा हिस्साही घटत जातो, म्हणून एकूण तीव्रता अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटते. अक्षावर, म्हणजे दोन्ही प्रभारांतून जाणाऱ्या रेषेवर, तेवढ्याच दूर ती जवळजवळ दुप्पट, म्हणजे सुमारे १० असते. द्विध्रुव आघूर्णाची (प्रभार गुणिले दोघांमधले अंतर, या सदिश राशीची) दिशा मात्र ऋणाकडून धनाकडे घेतात, त्यामुळे लंबदुभाजकावरचे क्षेत्र तिच्या उलट असते. परीक्षेत हे हमखास विचारतात.

यंदा मावसभावाच्या मुलीला हाच भाग शिकवताना मी सूत्र लिहिलेच नाही. पेन्सिलचे टोक मध्यबिंदूवर ठेवले आणि ‘इथला धन प्रभार कुठे जाईल?’ एवढेच विचारले. तिने क्षणभर पाहिले आणि ऋण प्रभारावर बोट ठेवले.