दादा, पॉल वॉकर आणि चतुर्दशीचं पान

शुक्रवार, १२ सप्टेंबर २०२५, पुणे

आज पॉल वॉकरचा वाढदिवस, ‘फास्ट अँड फ्युरिअस’ चित्रपटमालिकेत ब्रायन झालेल्या नटाचा. असता तर ५२ वर्षांचा झाला असता. यंदा तो नेमका पितृपक्षात आलाय, आणि आमच्याकडे दादाचं पान येत्या २० तारखेला, चतुर्दशीला. अपघातात गेलेल्यांची तिथी ती. या दोन गोष्टी गेले काही दिवस माझ्या डोक्यात एकमेकींना धरून बसल्यात, म्हणून लिहायला घेतलंय.

काल रात्री त्या मालिकेतला ‘फ्युरिअस ७’ लावला. दादा गेल्यापासून मी तो सलग कधी पाहिला नव्हता. टीव्हीवर लागला की चॅनेल बदलायचे.

२०१५ च्या एप्रिलमध्ये आम्ही दोघांनी तो विद्यापीठ रस्त्यावरच्या ई-स्क्वेअरला पाहिला होता. दादा तेव्हा नुकताच चाकणला नोकरीला लागला होता. २००१ सालच्या पहिल्या भागातल्या नारिंगी सुप्रावर त्याचा फार जीव. त्या गाडीच्या टूजेझेड इंजिनाबद्दल तो जेवता जेवता आईला समजावून सांगायचा, आणि आई ऐकूनही घ्यायची. त्या दिवशी थिएटरात बस कड्यावरून घसरायला लागली, ब्रायन तिच्या अंगावरून धावत वर आला आणि उडी मारून लेटीच्या गाडीच्या स्पॉयलरला लटकला, तेव्हा शिट्ट्यांनी कान बसले. सोळा महिन्यांपूर्वी हा माणूस गेलाय हे तिथल्या बहुतेकांना ठाऊक होतं. तरी तो पडद्यावर वाचला म्हणून लोक ओरडत होते. दादा खुर्चीतून अर्धा उठला होता.

काय घडलं होतं ते आता नव्या मुलांना माहीत नसतं, ऑफिसातल्या इंटर्नना तर नाहीच. शूटिंग सप्टेंबर २०१३ मध्ये अटलांटात सुरू झालं होतं. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत पॉल घरी आला. ३० नोव्हेंबरला कॅलिफोर्नियात सांता क्लॅरिटा इथे त्याच्या ‘रीच आउट वर्ल्डवाइड’ या संस्थेचा कार्यक्रम होता, फिलिपिन्समधल्या वादळग्रस्तांच्या मदतीसाठी. तिथून तो मित्राबरोबर पोर्शे करेरा जीटीमधून निघाला. गाडी मित्र चालवत होता. ती आदळली, पेटली, दोघंही गेले. पॉल चाळीस वर्षांचा होता. त्या रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ४५ मैलांची, आणि गाडी ताशी ८० ते ९३ मैलांनी जात होती असं तपासात निघालं. आपल्या हिशेबात १३० ते १५० किलोमीटर.

वेगावर उभी असलेली चित्रपटमालिका, तिचा नायक वेगात जातो, आणि चित्रपट त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. कॉलेजात असताना मला हे खटकायचं. आता मला ते बरोबर वाटतं, आणि त्याचं कारण दादा आहे. दादा वेगात नव्हता. बायपासवर नवले पुलाच्या उतारावर मागून ट्रक आला. पण त्या तेरा दिवसांत घरी भेटायला आलेला जो तो आधी हेच विचारायचा, “गाडी जोरात होती का?” आईला दर वेळी उत्तर द्यावं लागायचं. माणूस कसा गेला यावरच सगळं बोलणं अडकून पडायचं आणि तो कसा होता हे कुणाच्या ओठांवर येईपर्यंत चहा संपलेला असायचा. रस्त्यावरच्या वेगाबद्दल बोलायला हवंच, पोलिसांनी, शाळांनी, आपण सगळ्यांनी. निरोपाच्या वेळी मात्र नको.

पॉल गेला तेव्हा ‘फ्युरिअस ७’ जेमतेम अर्धा झाला होता. काम थांबलं, पटकथा नव्याने लिहिली गेली. जुलै २०१४ मध्ये येणारा चित्रपट एप्रिल २०१५ वर गेला. राहिलेल्या दृश्यांसाठी पॉलचे धाकटे भाऊ, केलेब आणि कोडी, त्याच्या जागी कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. जॉन ब्रदरटन नावाचा एक नटही होता. त्यांच्या अंगावर पॉलचा चेहरा बसवण्याचं काम न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनच्या वेटा डिजिटलने केलं. असे सुमारे साडेतीनशे शॉट.

हा आकडा मी २०१५ मध्ये वाचला असता तर नुसता मोठा वाटला असता. आता मी बाणेरला एका स्टुडिओत रोटोचं काम करते, त्यामुळे तो मला मनगटात जाणवतो. पडद्यावरच्या एका सेकंदात २४ फ्रेम. पाच सेकंदांचा शॉट म्हणजे १२० फ्रेम, आणि त्यातल्या प्रत्येक फ्रेममध्ये माणसाची कड कापून मागच्या दृश्यातून सोडवायची. खांदे, पाठ, गाडीचा दरवाजा ही कामं सोपी. केस जीव घेतात. वाऱ्यावर उडणाऱ्या चार बटा दिवस खातात, आणि मान झटकन वळली की कड धूसर होते, तिथे नेमकी रेघ कुठे मारायची हे दर वेळी नव्याने ठरवावं लागतं. हे झालं नुसतं कापणं. वेटाच्या लोकांना तर चेहरा घडवायचा होता, आणि पॉलच्या चेहऱ्याचं स्कॅन कुणाकडेच नव्हतं. मग त्यांनी भावांचे चेहरे स्कॅन केले आणि तिथून सुरुवात केली. जुन्या भागांचं फुटेज, न वापरलेले तुकडे शोधून काढले. हसताना डोळ्यांच्या कडा कशा आक्रसतात, बोलायच्या आधी ओठ कसा हलतो, हे त्यातून उचललं. वेलिंग्टनमधल्या कुणीतरी एका मेलेल्या माणसाचं हसू आठवडेच्या आठवडे, फ्रेमफ्रेमने पाहिलं असणार. त्या अनोळखी माणसाबद्दल मला काल फार माया वाटली.

ई-स्क्वेअरला दादा कानाशी कुजबुजत होता, “यातला खोटा चेहरा कुठला, कळतंय का तुला?” मी तेव्हा ॲनिमेशनच्या क्लासला जायचे, म्हणून विचारत होता. तेव्हा कळत नव्हतं. काल कळलं. शेवटच्या गाडीतल्या शॉटमध्ये गालावरचा प्रकाश किंचित जास्तच एकसारखा आहे. नजर समोरच्यावर टेकते, पण टेकायला थोडा उशीर करते. मी स्पेसबार दाबून थांबले, पुढे-मागे केलं, सवयच आहे ती. मग लॅपटॉपवरून हात काढून घेतला आणि नुसतं पाहिलं.

कारण मला त्या चेहऱ्यापेक्षा त्याखालचा भाऊ दिसायला लागला होता.

दादाच्या पानावर आमच्याकडे धाकटा चुलतभाऊ बसतो. गेलेल्याच्या वयाचं कुणीतरी भावकीतलं बसवायचं, म्हणून पहिल्या वर्षी काकांनी त्याला पुढे केलं, आणि मग तोच बसत आला. आता तो दादा गेला तेव्हाच्या दादापेक्षा वयाने मोठा आहे. जेवायला बसताना तो शर्टाची बाही कोपराच्या वरपर्यंत दोनदा दुमडतो. ही सवय दादाची. लहानपणी सगळी भावंडं दादाचंच बघून करायची, त्यातली ही एक त्याला चिकटली. आई उडदाचे वडे वाढते, खीर वाढते, आमसुलाची चटणी वाढते, “अजून एक घे रे” म्हणते, आणि सगळा वेळ त्याच्या हाताकडे बघते. चेहऱ्याकडे बघत नाही. तोही मान खाली घालून, आग्रह न मोडता जेवतो. उठल्यावर तो पुन्हा आपला चुलतभाऊ होतो, आई त्याला नोकरीचं विचारते, त्याच्या लग्नाचं विचारते.

केलेब आणि कोडीने तेच केलं, असं मला वाटतं. भावाच्या पानावर बसले. कर्नाटकात कन्नड नट पुनीत राजकुमार २९ ऑक्टोबर २०२१ ला गेला. त्याचा ‘जेम्स’ पुढच्या मार्चमध्ये, त्याच्या वाढदिवसाला लागला, तेव्हा त्यात आवाज त्याचा भाऊ शिवराजकुमारने दिला होता. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं, पण अशा वेळी पुढे होतो तो भाऊच.

आता शेवटाबद्दल. ब्रायनला पडद्यावर मारणं सोपं होतं. एक स्फोट, एक अंत्यविधी, सगळ्यांचे काळे कपडे. ते त्यांनी केलं नाही. ब्रायन समुद्रकिनाऱ्यावर बायको-मुलाबरोबर खेळतो, बाकीचे लांब बसून बघतात. त्याचा जिवलग मित्र डॉम त्याच्याशी न बोलता उठून निघतो. मग चौकात पांढरी सुप्रा शेजारी येऊन थांबते आणि ब्रायन विचारतो, निरोप न घेताच निघालास का? ती सुप्रा पॉलच्या स्वतःच्या गाड्यांमधली. पुढे जुन्या भागांतली दृश्यं, दोन गाड्या थोडा वेळ बरोबर, मग रस्ता फुटतो, सुप्रा वेगळ्या वाटेने जाते, आणि शेवटी पडद्यावर फक्त ‘पॉलसाठी’.

जाणारा माणूस गाडी वळवून परत येतो आणि मागे राहिलेल्याला निरोप घ्यायची संधी देतो. अपघातात माणूस गेला की ही एकच गोष्ट मिळत नाही. आम्हाला फोन आला तेव्हा सगळं संपलेलं होतं. मृत्यू कसा असतो हे आम्हाला पडद्यावर दाखवायची काही गरज नव्हती, तो आम्ही घरात पाहिला होता. आम्हाला हवा होता तो चौक.

त्या दृश्यावरचं ‘सी यू अगेन’ गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत १२ आठवडे पहिलं होतं. ते गाणाऱ्या चार्ली पुथच्या मनात ते करताना मोटरसायकल अपघातात गेलेला त्याचा एक मित्र होता. हे मला दादा गेल्यावर कळलं, आणि मग बराच काळ ते गाणं मी ऐकू शकले नाही.

या शेवटाची किंमतही आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. ब्रायन गोष्टीत जिवंत ठेवला, त्यामुळे पुढच्या प्रत्येक भागात तो कुठे आहे याचं काहीतरी उत्तर द्यावं लागलं. सगळी मंडळी संकटात आणि हा मुलं सांभाळतोय. २०२१ च्या नवव्या भागात शेवटी जेवणाच्या टेबलाशी एक खुर्ची रिकामी असते आणि त्याची निळी स्कायलाइन दारात येते, इतकंच. मला ते बघवलं नाही. २०२३ च्या भागात पॉलची मुलगी मेडो काही क्षण दिसते, ते मात्र आवडलं, कारण तिथे कुणी कुणाच्या जागी उभं नाही, ती तीच आहे.

‘ब्लॅक पँथर’वाल्यांनी दुसरी वाट धरली. त्यात राजा झालेला चॅडविक बोसमन २०२० च्या ऑगस्टमध्ये कर्करोगाने गेला, तर २०२२ च्या दुसऱ्या भागात त्यांनी राजाही आजाराने गेलेला दाखवला. चेहरा संगणकावर केला नाही, दुसरा नट घेतला नाही. सगळी प्रजा पांढऱ्या कपड्यांत शवपेटीमागून चालते. बहीण चित्रपटभर रागावलेली असते, शेवटी कुठे रडते. तेही खरं आहे. तिथे आजार होता, जवळच्या थोड्यांनाच माहीत असला तरी होता. आजारात निरोपाला थोडी तरी जागा असते. अपघातात नसते, म्हणून मला वाटतं दोन्ही चित्रपट आपापल्या जागी योग्य वागले.

हे सगळं आज लिहावंसं वाटायला कामावरचीही एक गोष्ट कारणीभूत आहे. ओळखीतला एकजण परवा विचारत होता, “वडील गेलेत, माझ्या लग्नात ते आशीर्वाद देतायत असा व्हिडिओ करून देशील का?” आता त्याला वेलिंग्टन लागत नाही. चार फोटो, आवाजाची एक क्लिप, आणि संध्याकाळपर्यंत काहीतरी तयार होतं. मी विचारलं, आईला विचारलंस का? म्हणाला, “नाही, तिला सरप्राइज द्यायचंय.” मी नाही म्हणाले. आधी आईला विचार, ती हो म्हणाली तर मी स्वतः बसून करते, पैसे घेणार नाही, असं सांगितलं. त्याला राग आला बहुतेक. पण भर कार्यालयात, चारशे लोकांसमोर त्या बाईंना नवरा बोलताना दिसणार, आणि त्यांनी तेव्हा कुणाच्या हाताकडे बघायचं? पॉलच्या वेळी घरचे सेटवर होते. ते स्वतःहून उभे राहिले म्हणून मला तो चेहरा खोटा वाटत नाही.

आज जेवताना आईला विचारलं, दादाच्या आवडत्या सिनेमाची शेवटची दहा मिनिटं बघशील का माझ्याबरोबर? तिने आधी कढी वाढून घेतली.

“तो सुप्रावाला का?”

“हो.”

“चतुर्दशी होऊ दे. मग सगळाच लाव, नुसता शेवट नको. आणि हिंदीत बघ मिळतो का.”

मिळतो. अमावास्येला रविवार आहे, चुलतभावालाही थांबायला सांगते.