बेंच सप्लायची शोधाशोध : नोंद चौथी

(बेंच सप्लाय म्हणजे टेबलावरच्या सर्किटांना हवं ते व्होल्टेज देणारा डबा.) मागच्या नोंदीतल्या खरखरीचा चोर सापडला. ४० मीटर बँडच्या हौशी रेडिओ रिसीव्हरवर ७ मेगाहर्ट्झला येणारा तो चरचराट सोल्डरिंगचा नव्हता, अँटेनाचाही नव्हता. एलईडी पट्ट्यांना लावतात तो जाळीच्या डब्यातला १२ व्होल्टचा एसएमपीएस (वीज वेगाने चालू-बंद करून व्होल्टेज बदलणारा स्विचिंग सप्लाय) मी वापरत होतो. तो काढून स्कूटरची बॅटरी जोडली आणि रिसीव्हर चिडीचूप. (दोन आठवडे मी गच्चीवर वायर हलवत बसलो होतो. हसा.)

मग स्विचिंग नसलेला, मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा लिनिअर सप्लायच घ्यायचा असं ठरवून एम. जी. रोड गाठला. दुकानातल्या काकांनी ३० व्होल्ट ५ अँपिअरचा नवाकोरा पीस पुढे केला, "चार आकडी डिस्प्ले आहे, बघा तर!" मी आधी उचलून बघितला. दोन बोटांवर आला. ३० व्होल्ट ५ अँपिअर म्हणजे १५० वॅट. एवढं देणारा ५० हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर इतका हलका असूच शकत नाही. म्हणजे आत पुन्हा स्विचिंगच.

शेवटी अंबडला बंद झालेल्या एका युनिटचं सामान निघालं होतं, तिथे ०-३० व्होल्ट २ अँपिअरचा जुना लिनिअर मिळाला. घासाघीस करून १८०० रुपये. दारातच आई म्हणाली, "परत भंगार आणलंस?"

घेण्याआधी तिथेच एक चाचणी केली. करंटची मर्यादा ठरवणारा नॉब खाली आणून आउटपुट सरळ मीटरच्या १० अँपिअरच्या रेंजवर शॉर्ट केलं, मग नॉब हळूहळू वर. १०० मिलिअँपिअर, ५००, १ अँपिअर, प्रत्येक ठिकाणी करंट स्थिर राहिला. माझ्या लेखी डिस्प्लेपेक्षा हे मोलाचं, कारण सर्किट उलटं जोडलं गेलं तर आयसी वाचवतो तो हाच नॉब. व्होल्टेजचा पॉट (नॉबमागचा फिरता रेझिस्टर) मात्र मध्येच उडी मारतो.

घरी लोड म्हणून १० ओहम १० वॅटचा रेझिस्टर लावला आणि १२ व्होल्ट दिले. हिशोब केलाच नव्हता. १४.४ वॅट! टेबलावर त्याचा ठसा उमटलाय.

मग दुचाकीच्या इंडिकेटरचे २१ वॅटचे दोन बल्ब सिरीजमध्ये घेतले. थंड फिलामेंट सुरुवातीला इतका करंट ओढतो की सप्लाय क्षणभर लिमिटमध्ये जातो. बिघाड समजू नका. १२ व्होल्टला स्कोपवर (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) रेघ स्वच्छ. १५ च्या पुढे आत रिलेचा 'टक' आवाज, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा टॅप (कमी-जास्त व्होल्टेजची जोडणी) बदलतो. नाहीतर कमी व्होल्टेजला उरलेला सगळा भार ट्रान्झिस्टरवर उष्णता होऊन पडला असता. पण २८ व्होल्टला १०० हर्ट्झचे खळगे दिसायला लागले. व्होल्टेजची चढउतार सपाट करणाऱ्या फिल्टर कपॅसिटरवर ४७०० मायक्रोफॅरड छापलंय. तो ठणठणीत असता तर २ अँपिअरला जास्तीत जास्त चारेक व्होल्टची चढउतार झाली असती. वाळून निम्मा झाला असेल तर आठ, आणि मग चढउताराच्या तळाशी रेग्युलेटरला (आउटपुट स्थिर ठेवणारा भाग) पुरेसं व्होल्टेजच उरत नाही. लोड काढला की खळगे गायब, त्यामुळे संशय पक्का.

१३.८ व्होल्टवर रिसीव्हर लावून पाहिला. बॅटरीवर होता तितकाच शांत. आता ६३ व्होल्टचा नवा कपॅसिटर आणि १० टर्नचा पॉट आणायचा आहे. जुना पॉट किती किलोओहमचा ते खोलल्यावर कळेल. छाप पुसला गेलाय.