पैसे मागितलेस का?

इथल्या लोकांबद्दल माझी जुनी तक्रार आहे. लिफ्टमध्ये समोरासमोर उभे राहतील पण हूं की चूं करणार नाहीत. जिन्यात शेजारी दिसला तर तो पुढे निघून जाईपर्यंत दाराआड थांबतील. फिनलंडला, हेलसिंकीत आल्यावर पहिल्या हिवाळ्यात मला वाटायचं, आपल्याला काही संसर्गजन्य आजार झालाय की काय. आणि हीच माणसं सौनात, म्हणजे गरम वाफेच्या खोलीत, एकमेकांशेजारी उघडी बसतात! साधारण ५६ लाखांच्या या देशात तीस लाखांहून जास्त सौना आहेत. आमच्या बिल्डिंगच्या तळघरातही एक आहे, आठवड्यातून एका संध्याकाळी फक्त बायकांसाठी.

माझी रूममेट साताऱ्याची, मला ताई म्हणते. कॉलेजपासूनच्या मित्राने पुण्यात परस्पर साखरपुडा उरकला आणि हिला कळलं ते इन्स्टावरच्या फोटोंतून. फोनवर आई रडली. मावशी म्हणाली, "सुटलीस, नाहीतरी जातीबाहेरचा होता." रडून डोळे सुजलेल्या पोरीला मी सौनात घेऊन गेले. टॉवेल घट्ट गुंडाळून ती कोपऱ्यात बसली. वरच्या फळीवरच्या आजींनी तापल्या दगडांवर डावभर पाणी ओतलं, वाफेचा लोट अंगावर आला आणि ही भडाभडा बोलायला लागली. इंग्रजीत, मधेच मराठीत.

आजींनी ऐकून घेतलं. मग स्वतःचं सांगितलं. नवऱ्याचं दुसरीकडे होतं, यांनी एकटीने घटस्फोटाचा अर्ज केला. १९८८ पासून इथे अर्जात कारण द्यावं लागत नाही, नवऱ्याची संमतीही लागत नाही. सहा महिने विचाराला देतात, मग पुन्हा अर्ज करायचा, संपलं. आपल्याकडे एकट्या बाईला सुटायचं तर क्रूरता नाहीतर व्यभिचार, काहीतरी सिद्ध करत बसा.

ही म्हणाली, "पण मग चूक त्याची होती हे लोकांना कळणार कसं?"

"कुठल्या लोकांना?"

मला राग आला. आमच्याकडे लोक असतात, आजी! साताऱ्यात असती तर शेजारच्या काकूंनी हिला उपाशी झोपू दिलं नसतं, गरम वरणभात घेऊन आल्या असत्या. खरं सांगायचं तर उठताना "तू कुठवर गेली होतीस गं?" हेही त्यांनीच विचारलं असतं. तरी मला त्या काकू हव्याच होत्या.

खालच्या फळीवरची तरुण मुलगी म्हणाली, तिला सोडून गेलेल्याची तिला आठवण येत नाही, त्याच्या कुत्र्याची येते. कुत्रा मात्र तो घेऊन गेला. त्यावर सगळ्याच हसल्या, आमची पोरगीसुद्धा, नाक पुसत.

मग आजींनी विचारलं, "त्याच्याकडे तुझं काही राहिलंय का?"

होतं की! त्याच्या क्लासची फी हिने स्वतःच्या पगारातून भरली होती. घरच्यांपैकी हे कोणी विचारलंच नव्हतं. मीही नाही, पण मी तिच्या जेवणाखाण्याचं बघत होते, सगळं एकटी कुठवर बघणार?

"मागितलेस का?"

केस ओले असतानाच तिने बाहेरच्या बाकावर बसून मेसेज टाकला, चांगला लांबलचक, इंग्रजीत. त्याने वाचला, उत्तर नाही. काल तिने पुन्हा पाठवलाय. या वेळी मराठीत, आकड्यासकट, आणि खाली यूपीआय आयडी.